‘आपल्यात तशी रीत नाही’

मागच्या भाषणात आपण बापाच्या जमिनीत लेकीचा हिस्सा या विषयावर बोललो होतो. १९५६ चा हिंदू वारसा कायदा आणि २००५ साली त्यात झालेली दुरुस्ती, म्हणजे मुलगी जन्मापासूनच मुलाइतकी हक्कदार, हे तेव्हा सांगितलं. आदिवासी मैत्रिणींसाठी वेगळं बोलू, असंही म्हटलं होतं. ते आज बोलायचं आहे. गोंड, माडिया, परधान, कोलाम, वारली, कोकणा, भिल्ल, पावरा, महादेव कोळी, ठाकर अशा सगळ्या घरांतल्या बायांनी ऐकावं. बाकीच्यांनीही रेडिओ बंद करू नये. तुमच्या घरातली गोष्टही मध्ये येणारच आहे.

गटाच्या बैठकीत आम्ही सातबाराचा विषय काढला की एक वाक्य हमखास कानावर पडतं. कधी भाऊ बोलतो, कधी गावातला शहाणा माणूस, कधी बाई स्वतःच बोलते. ‘आपल्यात पोरीला शेत द्यायची रीत नाही.’ एवढं म्हटलं की विषय मिटतो. कोणी भांडत नाही, कारण रीतीशी भांडणार कसं? नवऱ्याशी भांडता येतं, तलाठ्याशी भांडता येतं. रीत म्हणजे आभाळासारखी, वर आहे म्हणजे आहे.

पण मैत्रिणींनो, रीत आभाळातून पडत नाही. ती कोणीतरी सांगतं तेव्हा रीत होते. तेव्हा आज आपण हेच विचारू, की रीत सांगतं कोण?

आधी एक गैरसमज काढू. बऱ्याच जणींना वाटतं की कायदा म्हणजे सरकारचं छापील पुस्तक, आणि आपली चालरीत म्हणजे घरगुती गोष्ट, तिला कोर्टात कोण विचारतो. तसं नाही. आपल्या राज्यघटनेच्या १३व्या कलमात ‘कायदा’ या शब्दाचा अर्थ सांगताना रूढी आणि प्रथा यांचाही उल्लेख आहे. ज्या रूढीला कायद्याचं बळ आहे, ती रूढीसुद्धा कायदाच. म्हणजे गावातली जुनी माणसं झाडाखाली बसून जे ठरवत आली, त्याला दिल्लीतल्या मोठ्या कोर्टातही किंमत आहे. ही आदिवासी समाजासाठी फार मोठी गोष्ट आहे, आणि ती कोणी खैरातीत दिलेली नाही.

मात्र याला दुसरी बाजू आहे. रूढी हाच कायदा असेल, तर घटनेतल्या मूलभूत हक्कांची चाळणी त्या रूढीलाही लागते. त्याच १३व्या कलमात तेही लिहिलेलं आहे. कायदा म्हणून मान हवा असेल, तर कायद्याला विचारले जाणारे प्रश्नही ऐकून घ्यावे लागतात.

आता हिंदू वारसा कायद्याकडे येऊ. त्याच्या दुसऱ्या कलमात एक उपकलम आहे. हा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही, केंद्र सरकारने तशी अधिसूचना काढली तरच लागू होईल, असं त्यात म्हटलं आहे. यामागचा हेतू वाईट नव्हता. प्रत्येक जमातीची जमीन वाटायची, लग्नाची, काडीमोडाची आपली रीत आहे, ती वरून कायदा टाकून मोडू नये, असा तो विचार. पण त्यामुळे झालं असं, की २००५ साली बाकीच्या लेकींना हिस्सा मिळाला आणि आदिवासी लेक तिथेच राहिली. तिला काय मिळणार, हे तिच्या जमातीची रूढी ठरवणार. आणि रूढी काय, ते पुन्हा तेच सांगणार, ज्यांच्या हातात जमीन आहे.

या प्रश्नावर बाया आज उठलेल्या नाहीत. आताच्या झारखंडात, तेव्हाच्या बिहारमध्ये, सिंहभूम जिल्ह्यात हो नावाची आदिवासी जमात आहे. तिथल्या बायांना शेतात राबायचा हक्क होता, पण शेत नावावर व्हायचं नाही. ‘मानुषी’ या बायांच्या मासिकाच्या संपादक मधू किश्वर यांनी १९८२ साली त्यासाठी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. निकाल लागला १९९६ साली. चौदा वर्षं! न्यायालयाने बहुमताने रूढी मोडायचं नाकारलं. एकेका जमातीची रीत वेगळी, ती एका फटक्यात रद्द केली तर गोंधळ होईल, असं म्हटलं. पण एक अट घातली. ज्या जमिनीवर बाईचं पोट आहे, त्या जमिनीवरून तिला पुरुष वारसाने हुसकून लावायचं नाही. मालकी मिळाली नाही, पण पोटापुरता आसरा मिळाला. तीन न्यायाधीशांपैकी एकाचं मत वेगळं होतं, बायांना बरोबरीचा हक्क द्यायला हवा असं.

अर्ध्या भाकरीवर आपण खूश व्हायचं का? आम्हाला विचाराल तर नाही. पण अर्धी भाकरीही कोणी आपणहून दिली नव्हती, हेही लक्षात ठेवावं.

पुढे डिसेंबर २०२२ मध्ये ओडिशातल्या एका आदिवासी बाईचं प्रकरण आलं. सरकारने संपादित केलेल्या जमिनीच्या मोबदल्यात तिला भावांसोबत हिस्सा हवा होता, आणि ती हिंदू वारसा कायद्याच्या आधाराने मागत होती. न्यायालय म्हणालं, हा कायदा तुम्हाला लागू नाही, त्यामुळे त्यातून हिस्सा देता येत नाही. पण सोबत केंद्र सरकारलाही सांगितलं, की बिगरआदिवासी मुलीला बरोबरीचा हिस्सा मिळत असेल तर आदिवासी मुलीला नाकारायला काही कारण नाही, तेव्हा ही सूट ठेवायची का, याचा विचार करा.

आणि मग आला १७ जुलै २०२५ चा निकाल. हा नीट ऐका, कारण तो आपल्या शेजारचा आहे. छत्तीसगडमधलं एक गोंड कुटुंब. बापाला सहा लेकरं, पाच मुलगे आणि एक मुलगी. त्या एकुलत्या एका मुलीच्या वारसांनी आजोबांच्या जमिनीत आपल्या आईचा हिस्सा मागितला. मामाकडच्यांनी १९९२ साली वाटणी नाकारली. मग कोर्ट. खालच्या कोर्टात हरले, अपिलात हरले, हायकोर्टात हरले. का हरले? कोर्ट म्हणत होतं, तुमच्या गोंड समाजात मुलीला हिस्सा देतात अशी रूढी असल्याचा पुरावा आणा. तो त्यांना आणता आला नाही.

सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती संजय करोल आणि न्यायमूर्ती जॉयमाल्य बागची यांनी हा प्रश्नच उलटा केला. मुलीला हिस्सा मिळतो याचा पुरावा तिनेच का द्यावा? मुलीला हिस्सा मिळत नाही अशी रूढी आहे असं ज्यांचं म्हणणं, त्यांनी ते सिद्ध करावं. मुलगी म्हणजे आधीपासूनच बाहेरची, असं गृहीत धरूनच खालची कोर्टं निघाली होती, ती सुरुवातच चुकीची, असं त्यांनी सांगितलं. दुसऱ्या बाजूलाही तशी मनाई करणारी रूढी सिद्ध करता आली नव्हती. म्हणजे रूढी गप्प होती. मग गप्प रूढीचा अर्थ काय लावायचा? तर न्याय, समता आणि सद्सद्विवेकबुद्धी यांना धरून. असं सांगणारा १८७५ चा एक जुना कायदा मध्य प्रांतात होता. आपला चांदा जिल्हा, म्हणजे आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली, त्याच मध्य प्रांतात होता बरं का. त्याला घटनेच्या समतेच्या कलमाची जोड देऊन न्यायालयाने त्या मुलीच्या वारसांना बरोबरीचा हिस्सा दिला. रूढीसुद्धा काळाबरोबर चालते, ती एका जागी गोठून राहू शकत नाही, असंही म्हटलं.

यावरून कोणी तुम्हाला सांगेल, की आता सगळ्या आदिवासी मुलींना आपोआप हिस्सा लागू झाला. तसं समजू नका. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हिमाचल प्रदेशातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केलं, की हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागू करता येत नाही. तिथल्या हायकोर्टाने २०१५ साली आदिवासी भागातल्या मुलींना तो लागू होईल असं म्हटलं होतं, तो भाग काढून टाकला. म्हणजे आजची स्थिती अशी आहे, की संसदेचा कायदा तुमच्या दारापर्यंत आलेला नाही. तुमच्या रूढीत मुलीला मनाई आहे असं कोणी साक्षीपुराव्याने सिद्ध केलं, तर लढाई अवघड होते. आणि रूढी गप्प असेल, तर वाट मोकळी आहे.

म्हणूनच रीत सांगतं कोण, हा प्रश्न पुन्हा पुढे येतो.

यासाठी थोडं लांब, पंजाबात जाऊन येऊ. इंग्रजांच्या काळात तिथे जमिनीची मोजणी करताना साहेब लोक गावोगावची रीत लिहून घेत. त्या वह्यांना ‘रिवाज-ए-आम’ म्हणत. कोणाला विचारून लिहीत? गावच्या नंबरदाराला, जमीनदाराला, म्हाताऱ्या पुरुषांना. बायांना बोलावत नसत. पुढे वाटणीचं भांडण कोर्टात गेलं, की ती वही पुढे करायची, ‘पाहा, मुलीला हक्क नाही असं लिहिलंय.’ पण कोर्टाच्या एक गोष्ट लक्षात आली. ज्या बायांच्या हक्काबद्दल लिहिलंय, त्यांना तर कोणी विचारलंच नव्हतं! १९६० च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की बायांच्या हक्काविरुद्धच्या अशा नोंदीचं वजन कमी धरावं, कारण त्यांना आपलं म्हणणं मांडायची संधीच नव्हती. ती मंडळी आदिवासी नव्हती, पण प्रश्न आपलाच आहे.

आता आपल्या गावाकडे या. आम्ही एका गावात गटाच्या बैठकीत एक साधं काम केलं. पाच-सहा म्हाताऱ्या आज्यांना बोलावलं आणि विचारलं, ‘आजी, तुमच्या काळात कधी कोणत्या पोरीला जमीन मिळाली होती का?’ सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, ‘नाही, आपल्यात तशी रीत नाही.’ मग चहा झाला. मोहाची फुलं यंदा किती पडली ते झालं. आणि मग एक आजी म्हणाली, ‘पण त्या टोलीवरच्या घरात भाऊ नव्हता, तिथं पोरीचाच नवरा घरी राहायला आला होता.’ घरजावई, ज्याला काही भागांत लमसेना म्हणतात. शेत त्या घराकडेच राहिलं. दुसरी म्हणाली, ‘आमच्या आत्याचं लग्न झालं नव्हतं, तिला नाल्याकाठची बांधी दिली होती, मरेपर्यंत तीच रोवायची.’ तिसरीला आठवलं, की नवरा वारल्यावर परत आलेल्या बहिणीला भावांनी एक तुकडा तोडून दिला होता. संध्याकाळपर्यंत अशी पाच उदाहरणं निघाली. ज्या गावात ‘रीत नाही’, त्याच गावात पाच!

आम्ही नंतर त्या घरजावयाच्या शेताचा सातबारा काढून पाहिला. जमीन आली पोरीमुळे, आणि नाव लागलं जावयाचं. तिचं नाव कुठेच नाही, इतर हक्काच्या रकान्यातही नाही. बघा कसं होतं ते. द्यायची रीत होती, पण कागदावर लिहिणाऱ्याने ती पुरुषाच्या नावाने लिहिली. पन्नास वर्षांनी तोच कागद दाखवून कोणी म्हणेल, की पाहा, आमच्यात बायांच्या नावे जमीन नसतेच.

या रीतीला जुन्या माणसांकडे कारण आहे, आणि ते आपण ऐकायला हवं. गोंड समाजात चारदेवे, पाचदेवे, सहादेवे, सातदेवे अशी देवांवरून घराण्यांची मांडणी आहे. लग्न झालं की मुलगी नवऱ्याच्या देवात जाते. जमीन ही नुसती पिकाची नाही, तिथे घराण्याचे देव आहेत, पूर्वज आहेत. मग देव बदललेल्या मुलीला ती जमीन कशी द्यायची? हा प्रश्न थट्टेवारी न्यायचा नाही. पण आम्ही एवढंच विचारतो, की देवाची जागा आणि धानाची बांधी एकच आहे का? देवाची जागा घराण्याकडे ठेवा. बांधीत तर लग्नाआधी वीस वर्षं तीच वाकून रोवणी करत होती.

दुसरं कारण जास्त ऐकू येतं आणि ते खरंच जड आहे. पोरीने बिगरआदिवासीशी लग्न केलं, तर जमीन समाजाबाहेर जाईल. आदिवासींच्या जमिनी सावकाराने, व्यापाऱ्याने कशा गिळल्या, हे आपल्या आजोबांनी पाहिलेलं आहे. आदिवासी बाईशी नावापुरतं लग्न करून तिच्या नावाने जमीन घेणारे लोकही आहेत, हे आम्ही नाकारत नाही. पण महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत ३६ आणि ३६-अ ही कलमं आहेत. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला परवानगीशिवाय विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही. १९७४ साली गेलेल्या जमिनी परत देण्याचा कायदाही झाला. ही कुंपणं भावाच्या जमिनीला जशी आहेत, तशीच बहिणीच्या जमिनीलाही आहेत. कुंपण कमी पडत असेल तर ते उंच करा. गावाने ठरवावं, की जमीन द्यायची झाली तर आधी भावाला, मग कुळातल्याला, मग गावातल्याला विचारायचं, आणि हा नियम मुलगा-मुलगी दोघांना सारखा. जमिनी गेल्या त्या दारूपायी, कर्जापायी, फसवणुकीपायी, आणि त्या कागदांवर अंगठे बहुतेक पुरुषांचे होते. तेव्हा कोणी म्हटलं नाही, की पुरुषांना वारसा नको.

इथे बिगरआदिवासी मैत्रिणींशी दोन शब्द. तुमच्याकडे २००५ पासून कायदा आहे. तरी वारसनोंद झाली की चार दिवसांत भाऊ साडी-चोळी घेऊन येतो आणि हक्कसोडपत्रावर सही घेऊन जातो. ‘माहेर तुटेल’ या भीतीपुढे दिल्लीचा कायदा काही करू शकत नाही. म्हणजे तुमच्याकडे कायदा आहे आणि रीत आडवी येते. आदिवासी बाईकडे काही वेळा रीत मऊ आहे आणि कागद आडवा येतो. दोघींनी एकमेकींकडून शिकावं असं आहे.

आता रीतीची दुसरी बाजू, कारण आज आम्ही रीतीला शिव्या द्यायला बसलेलो नाही. आदिवासी रूढी ही ढालसुद्धा आहे. १९९६ साली पेसा कायदा आला, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा. आपल्या राज्यात १३ जिल्ह्यांमध्ये असं क्षेत्र आहे. राज्याचा पंचायत कायदा तिथल्या रूढी, धार्मिक प्रथा आणि सामूहिक साधनं सांभाळायच्या पद्धती यांच्याशी जुळता असावा, आणि आपल्या प्रथा, तसंच वाद मिटवायची परंपरागत पद्धत जपायला ग्रामसभा समर्थ आहे, असं हा कायदा सांगतो. महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ साली केले. त्या नियमांप्रमाणे पाड्याला, टोल्यालासुद्धा आपली वेगळी ग्रामसभा करता येते.

याचं बळ किती आहे ते ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावर दिसलं. तिथल्या डोंगरिया कोंध लोकांसाठी तो डोंगर म्हणजे देव. त्या डोंगरात बॉक्साइटची खाण करायची होती. एप्रिल २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की तिथल्या लोकांचे धार्मिक आणि सामूहिक हक्क यांचा विचार ग्रामसभेने करायचा. बारा गावांत ग्रामसभा झाल्या आणि बाराच्या बारांनी नकार दिला. खाण थांबली. आपल्या गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा तुम्ही ऐकली असेल. तिथे बहुमताने नाही, सगळ्यांच्या सहमतीने निर्णय होतो. मत मोजून एका बाजूला हरवायचं नाही, पटेपर्यंत बोलत राहायचं. ही काही परदेशातून आणलेली पद्धत नाही, ही आपली जुनी रीतच आहे.

सगळ्यांची सहमती म्हटलं, की त्यात बाया आल्याच. पण किती गावांत बाया त्या गोलात बसतात, आणि किती गावांत मागे भिंतीला टेकून?

रूढीच्या नावाने काय काय चालतं, तेही बोलायला हवं. नंदुरबारकडे किंवा आणखी कुठे एकट्या विधवेला डाकीण ठरवतात, आणि तिच्या वाट्याचं शेत कोणाकडे जातं ते नंतर कळतं. ही रीत नाही, हा गुन्हा आहे, २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली. जातपंच कोणाला वाळीत टाकत असतील, तर २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे. आणि गडचिरोलीच्या माडिया, गोंड गावांतलं कुर्माघर? पाळीच्या दिवसांत बाईने गावाकडेच्या त्या खोपटात राहायचं. पाऊस गळतो, साप-विंचू येतात. बाहेरचे लोक म्हणतात, एका दिवसात बंद करा. काही गावांत बायांनी सांगितलं, आधी आम्हाला पक्कं घर, पाणी आणि दिवा द्या. काहींना ते घर म्हणजे कामातून मिळणारी विश्रांती वाटते, काहींना कैद. आमचं मत, ते गेलेलंच बरं. पण ते ठरवायला ज्यांनी तिथे रात्र काढली आहे त्याच बसाव्यात. शहरातले साहेब नकोत, आणि गावातले पुरुष पंचही नकोत.

आता पेन्सिल घ्या, कामाचं सांगतो.

वनहक्काचा पट्टा घरात असेल तर तो काढून बघा. २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे लग्न झालेल्यांचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने असायला हवा. एकटी बाई घर चालवत असेल तर तिच्या एकटीच्या नावाने. इथे संसदेचा कायदा आदिवासी बाईला थेट लागू आहे, रूढी विचारायची गरज नाही. तुमचं नाव नसेल तर ग्रामसभेत आणि वनहक्क समितीत ते मांडा. त्या समितीत एक तृतीयांश बाया असाव्याच लागतात. वनहक्काच्या ग्रामसभेला हजर लोकांत एक तृतीयांश बाया नसतील, तर गणसंख्याच पूर्ण होत नाही. सभा झाल्यावर घरी वही फिरवून अंगठे घेत असतील, तर देऊ नका.

ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते, हेही कायद्यात आहे. ती घ्यायला लावा. त्या सभेत आज्यांना बसवा आणि आम्ही विचारलं तेच विचारा. भाऊ नसलेल्या पोरीचं काय व्हायचं? लग्न न झालेलीचं? विधवेचं? परत आलेलीचं? घरजावई आणलेलीचं? पहिल्यांदा ‘नाही’ असंच उत्तर येईल. चहा पिऊन पुन्हा विचारा. प्रत्येक उदाहरणाला शेताचं नाव, कोणत्या साली, कोणी दिलं, कोण कसत होतं, एवढं लिहा. जमलं तर त्या गटाचा सातबारा आणि जुना फेरफार काढा. वहीखाली सगळ्या जणींची सही किंवा अंगठा आणि तारीख घ्या. मग मुख्य ग्रामसभेत ठराव मांडा, की आमच्या गावात मुलीला जमीन देण्याला मनाई करणारी रूढी नाही, आणि ही उदाहरणं. ठरावाने कोर्टाचं काम होत नाही हे खरं. पण उद्या कोणी कोर्टात उभं राहून ‘आमच्यात रीत नाही’ म्हणालं, तर तुमच्याकडे वही असेल, आणि त्या आज्या नसल्या तरी त्यांचं सांगणं असेल. रूढी सिद्ध करताना, ती माहीत असलेल्या माणसांची साक्ष आणि अशी प्रत्यक्ष घडलेली उदाहरणंच कोर्ट बघतं.

बाप वारला की वारसनोंदीचा अर्ज तलाठ्याकडे, म्हणजे आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांच्याकडे, जातो. अर्जात सगळ्या बहिणींची नावं आहेत का ते बघा. नोंदीची नोटीस येते तेव्हा हरकत लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं कोणी ऐकलेलं नसतं. हक्कसोडपत्रावर सही करायच्या आधी ते गटात वाचून घ्या. सही करायची की नाही हा तुमचा निर्णय, पण काय लिहिलंय हे कळल्यावर.

वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नका. विधी सेवा कायद्याप्रमाणे कोणत्याही बाईला, आणि अनुसूचित जमातीच्या कोणालाही, मोफत वकील मिळतो. उत्पन्न विचारत नाहीत. तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते, तिथे साध्या कागदावर अर्ज चालतो. फोन करायचा असेल तर १५१००. पुन्हा सांगतो, एक पाच एक शून्य शून्य.

ज्या गटांनी आज्यांची वही सुरू केली, त्यांनी त्यातली दोन-तीन उदाहरणं, लोकांची नावं न घालता, आम्हाला रेडिओच्या पत्त्यावर पाठवा. पुढच्या महिन्यात हक्कसोडपत्रातलं एकेक वाक्य घेऊन आपण बोलणार आहोत. तेव्हा घरात जुनं एखादं हक्कसोडपत्र असेल तर शोधून ठेवा. नमस्कार.